बंद डोंगर आणि गोजरबाईच्या शेळ्या

बोरमाळात दोघांना कुणी अडवत नसे, एक वारा आणि दुसरं गोजरबाईचं तोंड. म्हणून ग्रामसभेनं डोंगर चराईला बंद करायचं ठरवलं, तेव्हा ठराव मांडणाऱ्यांनी आधी खात्री करून घेतली की गोजरबाई शेळ्या घेऊन लांब गेलीय. भित्रे लेकाचे! सांजच्याला ती परतली, तिला कळलं, आणि मग मारुतीच्या पारावर जे झालं ते लिहिण्याजोगं नाही.

डोंगर तसा काही मोठा नव्हे. आखाडा बाळापूरच्या बाजाराला जाताना उघडंबोडकं टेकाड दिसतं, तेच. पण गावची विहीर त्याच्या पायथ्याच्या झऱ्यावर जगायची. होळी आली की झरा आटायचा. मग टँकर, मग घागरींची रांग, मग एकमेकींच्या झिंज्या. पाणलोटाच्या कामावर कोमल नावाची एक चुणचुणीत पोरगी आली होती, तिनं गावाला समजावलं की वर झाड नाही, गवत नाही, म्हणून पडलेलं पाणी थांबतच नाही. चर खणा, बांधावर बी पेरा आणि झाडं उभी राहीस्तोवर एकही जनावर वर चढू देऊ नका. संपतराव समितीचे अध्यक्ष झाले. माणूस कष्टाळू, पण एकदा मनात धरलं की सुटायचं नाही. त्यांनी गाव कामाला जुंपला आणि डोंगराला आडवे चर पाडले.

पाणी कुणाला नको? गोजरबाईलाही हवंच होतं. पण तिच्या दावणीला एकतीस शेळ्या, आणि डोंगर बंद म्हणजे रोज कयाधूच्या काठापर्यंत तंगडतोड. नवरा तातेराव गुडघ्यानं अधू, त्यामुळं सगळी पायपीट तिच्याच नशिबी. वाटेत ज्याच्या त्याच्या शेताच्या बांधावरून शिव्या खायच्या आणि व्याजासकट परत करायच्या. पावसाळाभर ती कोमलला एकच विचारायची, "उगलं का गं वर?" उगलं की डोंगर उघडणार, एवढंच तिला ठाऊक.

पण उगलं नाही. थोडं गवत आलं, बी मात्र जिथं टाकलं तिथं गोट्यांसारखं पडून राहिलं. उन्हाळा लागला, झरा पुन्हा आटला आणि पारावर पुन्हा सभा बसली. या खेपेला गोजरबाई पहिल्याच ओळीत होती.

"बाभळीचं बी लई टणक असतं," कोमल कसनुसं तोंड करून म्हणाली. "दोनदा पेरलं. एकही बी रुजलं नाही."

"मंग मुदत वाढवा," संपतराव म्हणाले. "आणखी तीन वर्सं बंद."

हात वर होऊ लागले. तातेराव बायकोच्या कानाशी वाकले. "गोजरे, आता नको जीव जाळू. येत्या बाजारी शेळ्या बाळापूरला नेऊ. समद्याच."

समद्याच! यातल्या निम्म्या शेळ्यांच्या आज्या गोजरबाईनं बोळ्यानं दूध पाजून जगवल्या होत्या. नवाबीण नावाची तिची म्होरकी शेळी तर तिच्याशिवाय कुणाच्या हातचा पालासुद्धा खात नसे. डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याचा तिला इतका राग आला की ती पदर खोचून उभी राहिली.

"उगत न्हाई, उगत न्हाई म्हणून काहून रडून राहिले रे? आँ? आणि संपतराव, तुमी तर बोलूच नका! माझ्या शेळ्या चार रात्री तुमच्या वावरात बसल्या, तर चार वर्सं झाली बाभळी उपटून राहिले तुमी! कंबर धरून धरून! तिथं बरं उगलं?"

सभेत हशा पिकला. गोष्ट सगळ्यांना पाठ होती. शेतात खत व्हावं म्हणून शेळ्या-मेंढ्या रात्री वावरात बसवायची इथली रीत. संपतरावांनीही बसवल्या होत्या. पण पावसाळ्यात तिथं बाभळीच बाभळी निघाल्या, आणि संपतरावांनी गावभर केलं की मोबदल्यात शिळी भाकर दिली म्हणून गोजरीनं दावा धरून बी फेकलं. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलचाल नव्हती.

कोमल मात्र हसली नाही. ती ताडकन उठली. "मावशी, थांबा. पुन्हा सांगा. शेळ्या बसल्या तिथं बाभळी उगल्या?"

"मंग काय तर! उन्हाळ्यात शेंगा खातात. बी त्यांच्यानं चावलं जात न्हाई. रवंथ करताना थुकतात, न्हाई तर लेंडीतून टाकतात. पोटातून आलेलं बी मऊ पडतं, पाऊस लागला की फुटतं. आमच्या शेळ्यांच्या वाडग्यात तर ढिगानं रोपं उपटते म्या."

"आणि उपटून काय करता?"

"काय करायचं? वाळवून चुलीत. शेळ्यांच्या खुरात काटा जातो ना."

कोमलनं कपाळावर हात मारला. सगळा गाव डोंगरावर बी घेऊन मरमर मरत होता आणि इकडे गोजरबाई उगलेली रोपं चुलीत घालून भाकरी भाजत होती!

संपतरावांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "म्हंजी... तवा तू बी फेकलं नव्हतं?"

"मला काय याड लागलंय?"

"मंग सांगितलं काहून न्हाई?"

"तुमी विचारलं कवा? शिव्या दिल्या. म्या बी दिल्या. बराबर झालं."

आता मात्र पार हादरेल असं हसू उठलं, आणि त्यात संपतरावांचं हसू सगळ्यांत मोठं होतं. त्यांनी सरळ हात जोडले. "चुकलं माझं, गोजरबाई. आता तकलीफ घे आणि तुझ्या शेळ्या डोंगरावर बसव."

आणि ज्या शेळ्यांसाठी डोंगर बंद केला, त्यांचीच वरात डोंगरावर निघाली. चरांच्या मधल्या पट्ट्यात वाघूर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावलं. पोत्यांनी शेंगा वर वाहिल्या त्या सगळ्या गावानं. संपतरावांच्या स्वतःच्या खांद्यावर पोतं होतं आणि मागून गोजरबाई ओरडत होती, "सांडू नका हो, पाहुण्यांचं जेवण हाय ते!" रोज वाघूर पुढच्या पट्ट्यात सरकवायची, शेळ्यांनी आत खाऊन-पिऊन काम उरकायचं आणि एकही तोंड जाळीबाहेर काढायचं नाही. तातेरावही काठी टेकत वर चढले. बाजाराचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. आता शेळ्या विकल्या असत्या तर गावानंच दोघांना दारात उभं केलं नसतं.

श्रावणात डोंगरावर हिरवे ठिपके दिसले. पुढच्या पावसाळ्यात पट्टेच्या पट्टे झाले, त्यांच्या आडोशाला गवत माजलं, चर गाळानं नाही तर पाण्यानं भरले. होळी झाली, झरा चालू. पाडवा झाला, तरी चालूच. बायका घागर घेऊन जायच्या आणि उगीचच तिथं बसून राहायच्या. गोजरबाईनं तर एकदा भर दुपारी पाण्यात पाय सोडले आणि गाणंही म्हटलं. तिचा आवाज फुटक्या डब्यासारखा, पण त्या दिवशी कुणी नावं ठेवली नाहीत.

रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी झऱ्यापाशी अख्खा गाव जमला. संपतरावांनी नारळ फोडला आणि घसा साफ केला. "ज्यांनी डोंगर पेरला, त्यांच्यासाठी तो आधी खुला. गोजरबाई, सोड तुझ्या शेळ्या!"

टाळ्या पडल्या. तीन उन्हाळे गोजरबाई या एका वाक्याची वाट पाहत होती. तिनं वर पाहिलं. गुडघ्याएवढ्या, कंबरेएवढ्या बाभळी, कोवळ्या लुसलुशीत. एवढ्यात नवाबीण हुंगत हुंगत कळपातून सुटली आणि पायवाटेनं वर निघाली, मागोमाग बाकीच्या.

"हुर्रर्र! फिर माघारी, मुडद्ये!" गोजरबाई काठी घेऊन धावली. या वयात ती इतकी धावू शकते हे तिलाही ठाऊक नव्हतं. चढावर तिनं नवाबिणीला गाठलं, शिंग धरून वळवलं आणि वाटेत पाय रोवून उभी राहिली. कळप बें बें करत थबकला.

खालून संपतराव ओरडले, "अगं, काहून अडवून राहिलीस? खुला केलाय की डोंगर!"

"तुमी केला," गोजरबाई धापा टाकत म्हणाली. "म्या न्हाई केला अजून. माझ्या शेळ्या तुमाला काय ठाव? दोन दिसांत झाडून खातील. आणखी दोन पावसाळे होऊ द्या."

तातेराव तर हसता हसता खालीच बसले. गोजरबाईनं सगळा कळप खाली हाकला आणि झऱ्यावर पाणी पाजलं.