चौथी सूचना

‘घरमालक आणि भाडेकरू यांचं नातं करारावर नव्हे, विश्वासावर उभं असतं,’ असं धर्मेंद्र मास्तरांनी लिहिलं, पेनाला टोपण लावलं आणि खालच्या मोकळ्या खोलीचं कुलूप नीट लागलंय का, हे दोनदा ओढून पाहिलं.

मास्तर शहाद्याच्या एका हायस्कुलात मराठी शिकवत आणि अकरा वर्षांपासून तिथल्या साप्ताहिकाच्या पुरवणीत ‘घर आणि शेजार’ हे सदर चालवत. कुठल्या कॉलनीत नवी पाइपलाइन आली, कुठे गटारावरच्या फरशा गेल्या, खोली घेताना आधी नळ सोडून बघावा, मीटरचं रीडिंग दोघांनी मिळून लिहावं, असं उपयोगाचं लेखन. लोक कात्रणं काढून ठेवत. मास्तरांना त्याचा अभिमान होता, आणि तो अभिमान ते विनयाने लपवत, म्हणजे कुणी विषय काढला तरच बोलत. विषय निघेल याची काळजी मात्र स्वतः घेत.

ते राहत ती कॉलनी बसस्टँडच्या मागे. चौदा घरं, एक गल्ली, सामाईक बोअर आणि एक जुनी रीत. कॉलनीत कुणालाही नाही म्हणत नसत. खोली बघायला आलेल्या माणसाला आत घ्यायचं, पंखा लावायचा, चहा द्यायचा, आडनाव विचारायचं, आणि मग म्हणायचं, ‘कळवतो.’ दोन दिवसांनी माणूस पुन्हा आला की भाचा शिकायला यायचा निघे. त्या घडीला कॉलनीत सात खोल्या रिकाम्या होत्या आणि सात भाचे वाटेत होते.

त्या रविवारी सकाळी मास्तरांच्या आई, गजराबाई, ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. फाटक वाजलं. एक वाळलेला माणूस मुलीच्या खांद्यावर हात ठेवून आत आला.

“जहीर शे का रे तू?” गजराबाईंनी डोळ्यांवर हात धरला. “माय वं, किती सुकाई ग्या!”

“काय करू, मावशी? ते मशीन सगळं पानी काढी लेस,” तो हसला. “पयले मी रस्सा व्हतू, आते सुकी भाजी.”

जहीर मिस्त्री खापर गावचा. चौदापैकी नऊ घरांच्या फरशा त्याच्या हातच्या. आता दोन्ही किडन्या गेल्या होत्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार शहाद्याच्या दवाखान्यात डायलिसिस. येताना दोन बस, जाताना दोन बस, आणि परतीच्या बसमध्ये बसायला मिळालं तर नशीब. डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. दवाखान्याजवळ राहा आणि जिने चढू नका, हृदयावर ताण येतोय. दवाखाना कॉलनीपासून चार मिनिटांवर होता. मास्तरांची खोली तळमजल्यावर होती.

“मला इथल्याच मेडिकलमध्ये नोकरी लागलीय, सर,” मुलगी म्हणाली. आफशीन तिचं नाव. तिच्या पर्समध्ये मास्तरांच्या सदराचं कात्रण होतं. “तुम्ही लिहिलंय ना, नळ आधी बघावा. बघू का?”

नळ चांगला होता. जहीर मात्र खाली बसला. बोटाचं हाड फरशीवर वाजवत, कान देत तो कोपऱ्यापर्यंत सरकत गेला. पोकळ फरशी वेगळी वाजते.

“पंधरा वरीस व्हयनात, मास्तर. एकबी पोकळ नही.”

“बसाडनारा कोन व्हता मंग!” दारातून गजराबाई म्हणाल्या, आणि सुनेला हाक मारून चहा टाकायला सांगितलं.

मास्तरांनी मनात होकार देऊन टाकला होता. अगदी स्पष्ट, खणखणीत होकार. तो तोंडापर्यंत आला आणि तिथे त्याला कॉलनीची रीत भेटली.

“कळवतो,” ते म्हणाले. “सोसायटीचा ना-हरकत दाखला तेवढा घ्यावा लागतो. औपचारिकता आहे.” अवघड बोलायचं आलं की मास्तरांची अहिराणी पळून जाई आणि तोंडात कार्यालयीन मराठी येई. जहीरला ते ठाऊक नव्हतं. आफशीनला कळलं. तिने कात्रणाची घडी घातली.

“कवय लगून?” जहीरने विचारलं.

“शनिवारपर्यंत.”

असा दाखला लागतो की नाही, हे कुणी कधी तपासलं नव्हतं. अकरा वर्षं लोकांना सल्ले देणाऱ्या मास्तरांनीही नाही. सोमवारी शाळा सुटल्यावर ते सोसायटीचे चेअरमन रतिलालभाई यांच्या दुकानात गेले.

“मला शुं वांधो, मास्तर?” रतिलालभाईंनी गल्ल्यावरूनच हात जोडले. “माझं अर्धं गिऱ्हाईक त्यांचं. ईदला शीरखुर्मा घरी येतो, पहिली वाटी मी खातो. सही आत्ता करतो, पेन काढा. फक्त फुलवंताबेनचं घर तुमच्या समोर. त्यांचं देवाधर्माचं असतं. त्यांना एकदा विचारून घ्या.”

मास्तरांना हायसं वाटलं. हरकत एकीचीच होती.

फुलवंताबाईंनी त्यांना थेट देवघरातच नेलं. “हाई संगमरवर दखा. जहीरनीच बसाडेल शे. तीन दिन उपास धरीसन काम करं त्यानी, रमजान व्हता. माले त्यानी हरकत? जीभ झडी जाई मन्ही, भाऊ.” मग आवाज उतरला. “पन फत्तेसिंगभाऊन्या पोरले दखाले पाव्हना येतस. गल्लीमा कोन ऱ्हास, कोन नही, पाव्हना सगळं इचारतस. त्यास्नी पोरनं काई बिघडाले नको. त्यास्लेच इचारा.”

फत्तेसिंग एस्टीतून निवृत्त झालेले कंडक्टर. मंगळवारी ते घरी नव्हते. बुधवारी होते, पण झोपले होते. गुरुवारी भेटले.

“तीस वरीस तिकिटं फाडात, मास्तर,” ते म्हणाले. “कोनले आडनाव इचारं नही. गाव इचारं, सुटा पैसा मांगात, बस्स. आनि पोरनं तर ठरी गयं, पाव्हना येवानं बंद. मन्ही काय हरकत ऱ्हाई?” मास्तर उठू लागले तसा त्यांनी हात धरून बसवला. “पन दोधू आप्पा मोठा मानूस शे. कॉलनी त्यास्नी वसाडी. त्यास्ले न इचारता मी हा म्हनू, ते बरं दखास का?”

चार दिवसांत मास्तरांना चार कप चहा, एक वाटी शिरा आणि तीन मनापासूनचे होकार मिळाले होते. खोली मात्र होती तिथेच होती.

शुक्रवारी ते शाळेतून आले तर रंजिताने, त्यांच्या बायकोने, दारातच गाठलं.

“जहीरभाऊ दुपारी ओट्यावर बठेल व्हतात. सकायनी बस उनीच नही. दवाखानामा पोचनात तवय त्यास्नं मशीन दुसराले लायेल व्हतं. संध्याकायना नंबर दिधा. तवलगून कोठे जातीन?”

“खोलीचं विचारलं?”

“नही. पानी मांगं. ते बी अर्धा पेला. जास्त पेवानं नही म्हने त्यास्ले.” ती थांबली. “पाय असा सुजेल व्हतात, चप्पलमा माईना. तुम्ही गल्लीभर इचारत फिरी ऱ्हायनात. माले इचारं का कोनी? किल्ली मन्हाकडे शे. दी टाकू का?”

“रंजू, एवढं झालंय तर आप्पांचं होऊ दे. सगळ्यांना धरून गेलेलं बरं. उद्या जहीरलाही त्रास नको.”

“त्यास्लेच सोयीनं व्हावं म्हनीसन त्यास्ले ओट्यावर बसाडं का?” ती आत गेली. स्वयंपाकघरात ताट जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला.

शनिवारी सकाळी मास्तर दोधू आप्पांकडे गेले. आप्पा ऐंशीच्या पुढचे. उन्हात खुर्ची टाकून बसलेले. सगळं ऐकून घेतलं आणि खरोखरच चकित झाले.

“मन्ही हरकत? आरे, माले तर वाटनं तुन्ही शे!”

“माझी?”

आप्पांनी नातसुनेला हाक मारून कपाटातली फाइल मागवली. फाइलमध्ये लॅमिनेशन केलेलं एक कात्रण होतं. वर मास्तरांचा फोटो, केस तेव्हा जास्त. ‘घरमालकांसाठी चार सूचना.’

“चौथी वाच.”

मास्तरांनी वाचलं. ‘४. भाडेकरू निवडताना तो आपल्या परिसराच्या वातावरणाला साजेसा असावा, याची खात्री करून घ्यावी.’

त्यांना तो दिवस लख्ख आठवला. सूचना तीनच होत्या. संपादकांचा फोन आला होता की खाली दोन ओळींची जागा उरतेय, काहीतरी द्या. मास्तरांनी फोन कानाला ठेवूनच काहीतरी दिलं होतं.

“मीटिंगमा मीच वाची दखाडं,” आप्पा कौतुकाने सांगत होते. “पयले लोक वाद घालेत. याले द्या, त्याले नको. रोजनी कटकट. मंग म्हनं, मास्तर शिकेल-सवरेल मानूस, मराठीना. त्यानी लिखं म्हंजे इचार करीसनच लिखं व्हई. झेरॉक्स काढीसन घरोघर दिध्यात. तवयपासून एक बी भांडण नही. तुन्हावरच चाली ऱ्हायनी कॉलनी.”

“आप्पा, मला तसं म्हणायचं नव्हतं.”

“मंग कसं म्हनानं व्हतं?”

आप्पा टोचून बोलत नव्हते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मास्तरांनी ते वाक्य पुन्हा वाचलं, मग पुन्हा एकदा. आठवी ते दहावीच्या मुलांना ते सव्वीस वर्षं वाक्याचा अर्थ विचारत आले होते. या वाक्याला दुसरा अर्थ त्यांना सापडला नाही.

“आते तू म्हनत व्हई तर खोडी टाकू,” आप्पांनी समजूत घातली. “पन मीटिंग बलावनी पडी. रतिलाल गुजरातमा जाई ऱ्हायना, लगीन शे. पुढला महिनामा बसू.”

त्या दुपारी मास्तरांनी आयुष्यातला सगळ्यात खरा लेख लिहिला. चौथी सूचना आपण मागे घेतो, असं पहिल्याच ओळीत लिहिलं. एका मिस्त्रीने नऊ घरांच्या फरशा बसवल्या आणि त्यातल्या एकाही फरशीवर त्याला अंथरूण टाकता येत नाही, हे लिहिलं. ‘आमच्यात कुणाचीच हरकत नव्हती, आम्ही सगळे मिळून ती होतो,’ असंही लिहिलं. रंजिताने वाचला आणि शुक्रवारपासून कोरा येणारा चहा दुधाचा आणला.

लेख पाठवताच संपादकांचा फोन आला. “सर, डोळ्यांत पाणी आलं. फक्त ‘मुसलमान’ शब्द तेवढा काढतो, ‘विशिष्ट समाज’ टाकतो. आणि गावाचं नाव नको. एका बिल्डरची अर्ध्या पानाची जाहिरात आलीय, तेव्हा शेवटचा परिच्छेदही जाईल. पण आत्मा राहील, सर.”

रविवारी लेख आला. आत्मा सुमारे तीनशे शब्दांचा होता.

कॉलनीने तो वाचला आणि कॉलनी हळहळली. फुलवंताबाई पदराने डोळे पुसत फाटकात आल्या. “कोनता गावनं शे हो हाई? काय मानसं ऱ्हातस!” फत्तेसिंग म्हणाले, धुळ्याकडे असं फार चालतं. रतिलालभाईंनी लग्नाच्या घाईतही फोन केला, “बहु सरस, मास्तर! असल्या कॉलनीचं नाव छापायला पाहिजे होतं.”

मास्तर फोन हातात धरून उभे राहिले. ती आपलीच, असं मास्तर म्हणाले. पण तोवर पलीकडे वरातीचा बॅन्ड सुरू झाला होता आणि रतिलालभाई “हा, हा, बराबर” म्हणत होते.

सोमवारी मास्तरांनी शाळेत अर्धी रजा टाकली. दाखला नाही, मीटिंग नाही, कुणाला विचारणं नाही. रंजिताकडून किल्ली घेतली आणि दवाखान्यात गेले. खरोखर चारच मिनिटं लागली.

जहीर मशीनला जोडलेला होता. नळीतून रक्त जाताना आणि येताना दिसत होतं. आफशीन शेजारी स्टुलावर होती.

“किल्ली आणलीय,” मास्तर म्हणाले. “आजच या. माझं घर आहे, कुणाच्या सहीची गरज नाही. हे मला आधीच कळायला हवं होतं.”

आफशीनने वडिलांकडे पाहिलं. मग हळू आवाजात बोलली, “सर, आम्ही काल सामान हलवलं. शनिवारी तुमचा निरोप आला नाही. मोहल्ल्यात एक खोली मिळाली. तिसऱ्या मजल्यावर.”

“तिसऱ्या? डॉक्टरांनी तर...”

“पाच जनं शेतस, मास्तर,” जहीर डोळे मिटूनच म्हणाला. “खुर्चीवर बसाडीसन वर लई जातस, खाल आनतस. नवरदेवना मायक. फक्त बाजा नही.”

“पण माझी खोली खाली आहे, जहीर. चार मिनिटांवर. तुझ्याच हातच्या फरशा.”

“तुम्हनं मन साफ शे, ते माले माहीत शे.” त्याने डोळे उघडले. “पन मी म्हंजे काय, पडेल ऱ्हासू. हाई पोर रोज दोनदा त्या गल्लीमातून जाई. तठे चौदा घरं शेतस. तुम्हनं एक.”

“बाकीच्या तेरांची हरकत नाही रे,” मास्तर म्हणाले. ते खरं होतं, आणि म्हणताना त्यांच्या कानालाच ते भयंकर वाटलं.

आफशीन उठली आणि मास्तरांना बसायला स्टूल दिलं. ते थोडा वेळ बसले. मशीन आवाज करत होतं. मग नर्सने भेटीची वेळ संपल्याचं सांगितलं.

पुढच्या महिन्यात सोसायटीची मीटिंग झाली. मास्तर उभे राहिले, सगळं सांगितलं, गावाच्या आणि माणसांच्या नावासकट. सगळ्यांनी मान खाली घालून ऐकलं. चौथी सूचना एकमताने रद्द झाली. कुणाचीच हरकत नव्हती.

त्या आठवड्यात बाजारात लाल मिरची उतरली. गजराबाईंनी वर्षाची म्हणून दोन पोती घेतली. ती खालच्या खोलीत ठेवली आहेत.