गळ्यात क्रूस नव्हता

होडी सापडल्याची बातमी कुवानिशने आणली. तो आत आलाच नाही. उंबऱ्याबाहेर उभा राहून टोपी चुरगाळत म्हणाला, "लुकेर्या, तुझी आई कुठंय? नको, आधी तूच ऐक. होडी मिळाली."

"कुठली होडी?"

"त्यांची गं. माझ्या बापाची आणि तुझ्या बापाची."

माझे हात पिठात होते, ते तसेच राहिले.

माझे वडील सझोन आणि त्याचे वडील बायनियाझ एकाच होडीवर मासेमारी करायचे. आम्ही उरालचे, जुन्या पंथाचे ख्रिस्ती. ते काराकालपाक, मुसलमान. पण जाळं दोघांचं मिळून एकच होतं. पस्तीस वर्षांपूर्वी नोव्हेंबरच्या वादळात होडी गेली ती गेलीच. मी तेव्हा आठ महिन्यांची होते, कुवानिश चार वर्षांचा. पुढे समुद्रही आटत आटत आमचं मुयनाक गाव सोडून गेला. आता बंदरातून पाणी बघायला जायचं तर ट्रकने अर्धा दिवस लागतो.

"भंगारवाले जुनी जहाजं कापायला गेले होते," कुवानिश सांगत होता. "वाळूतून लाकूड वर आलेलं दिसलं. उकरलं तर होडी. कलंडून पडलेली, नंबर अजून वाचता येतो. आणि आत..." त्याने टोपी पुन्हा चुरगाळली. "आत एक माणूस आहे. एकच. जाळ्यात अडकलेला."

"कोण?"

"ते कसं कळणार? हाडं आहेत नुसती."

मागे भांडं पडल्याचा आवाज झाला. आई आतल्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

मला वाटलं ती रडेल, क्रूसाची खूण करेल, देवाचे आभार मानेल. तिचं सगळं आयुष्य नवऱ्याला एक मूठ माती देता आली नाही म्हणून झुरण्यात गेलं होतं. पण तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिने एकच विचारलं.

"गळ्यात काही होतं का?"

"त्यांनी नीट पाहिलं नाही, वास्सा मावशी. घाबरून पळालेच ते. उद्या आपणच जाऊ. मी ट्रक काढतो."

त्या दिवशी आई जेवली नाही. मी मासा भरलेला पाव भाजला होता, त्याला तिने हातही लावला नाही. घरातल्या घरात फेऱ्या मारत राहिली, डोक्याचा रुमाल सोडायची, परत बांधायची. मी म्हटलं, "अगं, बाबा सापडले असतील तर चांगलंच ना? आपल्या दफनभूमीत आणू त्यांना. शेवटच्या दिवशी, मेलेले सगळे उठतील तेव्हा, तुम्ही दोघं शेजारी शेजारी उठाल."

"गप बस," ती म्हणाली. "तुला काही माहीत नाही."

सकाळी निघालो. कुवानिश ट्रक चालवत होता, शेजारी त्याची आई ओराझगुल आणि माझी आई. मागे उघड्यावर मी आणि खार्लाम्पी आजोबा. आमच्यात पाद्री नाही, प्रार्थना आजोबाच चालवतात. ऐंशी वर्षांचा म्हातारा, दाढी छातीपर्यंत, आणि जीभ अशी की बायका त्यांच्या समोरून जायला टरकतात.

"तुझी आई का अशी थरथरतेय?" त्यांनी मला विचारलं.

"रात्रभर झोपली नाही."

"सझोनच निघेल बघ. बायनियाझ पट्टीचा पोहणारा होता, तो होडीत कशाला बसून राहील? क्रूस दिसला की झालं. आपला माणूस क्रूसाशिवाय आंघोळसुद्धा करत नाही."

चाळीस किलोमीटर आम्ही आटलेल्या समुद्राच्या तळावरच्या शिंपल्यांवरून गेलो. चाकाखाली ते कडाकड फुटत होते. वारा सुटला होता आणि मिठाची धूळ डोळ्यांत जात होती. केबिनच्या मागच्या काचेतून मला आईची पाठ दिसत होती. ती एकदाही मागे वळली नाही.

होडी खरंच त्यांची होती. नंबर होता, आणि कडेला बाबांच्या वडिलांनी ठोकलेल्या चौकोनी डोक्यांच्या खिळ्यांची रांग होती. खार्लाम्पी आजोबा गुडघ्यावर बसले आणि हाताने वाळू बाजूला करू लागले. कुवानिशने फावडं आणलं होतं, ते त्याने वापरलं नाही. तोही हातानेच उकरू लागला. जाळ्याचे कुजके धागे, दोन शिशाचे गोळे, आणि मग बरगड्या. मिठाने पांढऱ्या झालेल्या. कवटी एका कुशीवर होती, झोपलेल्या माणसासारखी.

आजोबांनी मानेजवळची सगळी वाळू बोटांनी चाळली. बरगड्यांतली चाळली. मग चाळणीतूनच काढावी तशी पुन्हा चाळली. पाऊण तास तरी गेला असेल. मी आईचा हात धरला होता.

शेवटी आजोबा उठले, हात झटकले.

"क्रूस नाही," ते म्हणाले. "तांबं हिरवं पडतं, पण कुठं जात नाही. ओराझगुल, हा तुझा माणूस. देव त्याला शांती देवो."

ओराझगुल मावशी तिथेच खाली बसली. तिने जो टाहो फोडला तो त्या उघड्या रानात दूरवर गेला. कुवानिशने सोबत आणलेलं पांढरं कापड पसरलं. तो ओठ चावत होता. वाकून त्याने पहिलं हाड उचललं.

"थांब," आई म्हणाली.

इतक्या हळू, की फक्त मलाच ऐकू गेलं. मग ती जोरात म्हणाली, "कुवानिश, थांब रे बाळा. ठेव ते खाली."

सगळे तिच्याकडे बघू लागले. तिने गळ्यापाशी हात नेला, सदऱ्याच्या आतून गोफ बाहेर ओढला. एका गोफात दोन क्रूस होते. एक बायकांचा, एक पुरुषाचा.

"हा सझोनचा आहे," ती म्हणाली. "त्या दिवशी पहाटे त्याचा गोफ तुटला. मी म्हटलं, दे, नवा विणून देते, बस जरा. तो म्हणाला, वारा अनुकूल आहे, बायनियाझ खोळंबलाय, संध्याकाळी घालतो. मी अडवायला हवं होतं. मी नाही अडवलं. पोरगी रडत होती, चुलीवर दूध होतं... मी म्हटलं, जा. तो क्रूस न घालता गेला."

मग खार्लाम्पी आजोबांचा आवाज चढला.

"पस्तीस वर्षं, वास्सा! पस्तीस वर्षं मी मृतांच्या प्रार्थनेत त्याचं नाव वाचतोय. दर सणाला. आणि तू तोंड मिटून उभी!"

"सांगितलं असतं तर तुम्ही नाव काढलं असतं वहीतून."

"कोण म्हणालं?"

"तुमच्या तोंडून ऐकलंय मी. क्रूसाशिवाय मेला तो कुत्र्यासारखा मेला, असं तुम्हीच गावातला तो दारुडा मेला तेव्हा म्हणाला होतात. मी मागच्या रांगेत उभी होते." आईचा श्वास लागला होता. "तेव्हापासून झोप नाही मला. शेवटच्या दिवशी सगळे उठतील, त्याला कुणी ओळखलंच नाही तर? खुणेशिवाय कसा सापडेल तो?"



कुवानिश अजून ते हाड हातात धरून होता. "म्हणजे आता?" तो चिडून म्हणाला. "आता काय करायचं? अर्धी तुम्ही घेणार, अर्धी आम्ही? कुठल्या प्रार्थना म्हणायच्या यांच्यावर?"

"आईवर ओरडू नकोस," मी म्हटलं.

"मी ओरडत नाही! पण मी याला बाप म्हणून हात लावला, लुकेर्या!"

ओराझगुल मावशीने डोळे पुसले. ती सरपटत होडीच्या कडेपर्यंत आली. "भांडू नका," ती म्हणाली. "वास्साने तोंड उघडलं नसतं तर मी आनंदाने घेऊन गेले असते. आता मलाही खरं कळायला हवं. आमच्या लग्नाच्या हिवाळ्यात बर्फावर घसरगाडी उलटली होती. डावा पाय मोडला होता त्याचा. नीट बसला नाही कधी. गाठ होती, इथं, गुडघ्याच्या खाली. पावसाळी हवेत मीच चोळून द्यायची."

तिने डावं नळीचं हाड उचललं. डोळे मिटून त्यावर अंगठा फिरवायला लागली, वरून खाली. माझ्या मनात काय होतं ते मला आजही सांगता येत नाही. बाबा असावेत असं वाटत होतं, आणि नसावेत असंही.

अंगठा थांबला.

"हाच," ओराझगुल मावशी म्हणाली. "हा माझा." आणि ते हाड तिने छातीशी धरलं.

आई मटकन बसली. मला वाटलं ती कोसळली. पण ती फक्त बसली होती, दोन्ही क्रूस मुठीत धरून, आणि त्या सपाट, मिठाळ जमिनीकडे बघत होती, जिला दोन्ही बाजूंनी शेवटच नव्हता. तिचा माणूस त्यात कुठेतरी होता, किंवा अजून पाण्यात होता, किंवा कुठेच नव्हता.

आजोबा तिच्याशेजारी जाऊन बसले. गुडघे वाजले त्यांचे.

"माझी आई तेहेतीस सालच्या दुष्काळात गेली," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच खरखरीत होता. "गाडीतून नेलं, इतर चाळीस जणांबरोबर एका खड्ड्यात टाकलं. कपडे आधीच काढून घेतले होते कुणीतरी. क्रूसही. चांदीचा होता ना. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा, गाडीमागे धावलो, दम लागला, खड्डा कुठला तेही कळलं नाही."

"हे तुम्ही कधी सांगितलं नाही."

"तू तरी कुठं सांगितलंस?" ते म्हणाले. "ती उठेल यावर मी साठ वर्षं विश्वास ठेवून आहे, वास्सा. रोज. ख्रिस्त स्वतः थडग्यातून उठला, तो तिला खड्ड्यातून उठवेल. मग सझोनला नाही म्हणायला मी कोण? त्या दारुड्याबद्दल बोललो ते चुकलंच. त्याचंही नाव लिहावं लागेल आता."

"पण तुम्हाला खात्री आहे?"

आजोबांनी दाढीतली वाळू झटकली. "भीती वाटते कधीकधी," ते म्हणाले. "मग मी पुन्हा प्रार्थनेला उभा राहतो."

बायनियाझ काकांना दुसऱ्या दिवशी त्यांच्या दफनभूमीत मूठमाती दिली. त्यांच्या रीतीप्रमाणे फक्त पुरुष गेले. आई दिवसभर ओराझगुल मावशीच्या घरी बसून होती, आल्यागेल्याला चहा ओतत होती. घरी आल्यावर मला म्हणाली, "तिला जायला जागा मिळाली बघ," आणि मग पहिल्यांदा रडली.

पुढच्या वसंतात ईस्टर आला. आजोबांनी वहीतली नावं वाचली. सझोनचं नाव आलं तेव्हा ते थोडं थांबले आणि नेहमीपेक्षा मोठ्याने म्हणाले. पुढच्या आठवड्यात सगळे आपापल्या माणसांच्या थडग्यांवर जातात, लाल अंडी ठेवतात, आणि मातीखालच्यांना सांगतात की ख्रिस्त उठला आहे. आई त्या दिवशी दरवर्षी घरातच बसायची. कुणाला सांगणार?

त्या वर्षी तिने कुवानिशला निरोप पाठवला. "ट्रक आहे का रिकामा?"

"कुठं जायचं, मावशी?"

"पाण्यापर्यंत."

"अहो, चिखल आहे तिकडे. रुतलो तर दोन दिवस कुणी येणार नाही."

"मग फावडं घे."

तासन्‌तास गेलो. होडीच्या जागेपाशी ती थांबू देईना. दुपारी पाण्याची करडी रेघ दिसली. कुवानिशने लांबच ट्रक उभा केला. आई उतरली आणि चिखलातून चालत पुढे गेली, घोट्यापर्यंत, मग त्याच्याही वर. मी मागे धावले, मला वाटलं ही पाण्यात जाते की काय. पण ती थांबली. हातातलं लाल अंडं पुढे धरलं आणि हाक मारावी तशी ओरडली,

"सझोन! ख्रिस्त उठला आहे!"

वाऱ्याने शब्द मागे आमच्यावरच आणून टाकले. ती पुन्हा ओरडली. मग मागच्या बाजूच्या कोरड्या जमिनीकडे वळून तिसऱ्यांदा ओरडली, कारण तो कुठल्या बाजूला आहे हे तिला माहीत नव्हतं.

"ऐकलं असेल का गं?" तिने मला विचारलं.

'ख्रिस्त उठला आहे' ऐकलं की समोरच्याने द्यायचं ठरलेलं उत्तर आम्ही लहानपणापासून देत आलोय, तेच मी बाबांच्या वतीने दिलं. "खरोखर उठला आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं, मान हलवली. अंडं चिखलात ठेवलं. मागून कुवानिश ओरडत होता की मागचं चाक बसायला लागलंय, लवकर या. आम्ही दोघी एकमेकींना धरून पाय उपसत परत निघालो.