भेटीला आलेली सफरचंदं

नागपूरकराला संत्र्याचं कितीही कौतुक असो, आजाऱ्याला भेटायला जाताना तो संत्री नेत नाही. सर्दी होते म्हणे. पिशवीतून निघतात ती सफरचंदंच, मग आजाऱ्याला ती चावता येवोत की न येवोत. जितेंद्रला येत नव्हती. त्याचा खालचा जबडा डावीकडून अर्धा काढलेला होता, आणि तरी अमरावती रोडवरच्या वाडीतल्या त्या दोन भाड्याच्या खोल्यांत टोपल्या, डबे, घमेली सफरचंदांनी भरून गेली होती. येणारा पिशवी टेबलावर ठेवायचा, जितेंद्रच्या तोंडाकडे बघायचं टाळून पंख्याकडे बघायचा आणि जाताना दारात त्याच्या आईला, मनकर्णाबाईंना, हळूच सांगायचा, "धीर धरा काकू."

या धीराचा कामिनीला, जितेंद्रच्या बायकोला, मनस्वी राग यायचा. धीर कशाला धरायचा? ऑपरेशन झालं, किरणांचे शेक झाले. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, गाठ पूर्ण निघाली आहे, वजन वाढवा, आणि खर्ऱ्याला, त्या तंबाखू-सुपारी-चुन्याच्या मिश्रणाला, पुन्हा बोट लावलं नाही तर हा माणूस म्हातारा होऊन मरेल. कामिनीने ते सासूला वीसदा ऐकवलं. मनकर्णाबाई मान हलवायच्या आणि म्हणायच्या, "डॉक्टर लोकाइले तसं सांगाच लागते वं."

एवढ्या सफरचंदांचं करायचं काय, हा प्रश्न सोडवला जितेंद्रच्या नोकरीने. तो ट्रान्सपोर्टच्या गोदामात सुपरवायझर होता. तिथे एक पार्सल वर्षभर कोणी सोडवून नेलं नव्हतं, खोकं फाटलेलं, आत विजेवरचा स्लो कुकर. मालकाने तो भेट म्हणून घरी पाठवला. आत जाड चिनीमातीचं भांडं, बाहेर मंद आच. खोक्यावर छापलेल्या चित्रातच दालचिनी घातलेली सफरचंदं होती. मनकर्णाबाईंनी पहिल्याच दिवशी त्याला निकालात काढलं.

"शिट्टी नाही मारत, वाफ नाही सोडत, दिवसभर कोपऱ्यात नुसता गरम होऊन बसून राहते. कुकर आहे का जावई?"

पण कामिनीला असाच जावई हवा होता. ती सदर भागातल्या एका साड्यांच्या दुकानात काउंटरवर होती. सकाळी निघण्याआधी ती सफरचंदं सोलायची, बिया काढून फोडी करायची, वर चमचाभर तूप, गुळाचा खडा, चिमूटभर मीठ, पुडीतली दालचिनीची पूड, थोडं पाणी. झाकण ठेवून बटण लावलं की संध्याकाळपर्यंत बघायला नको. घरी परतताना जिन्यातच वास भेटायचा. फोडी इतक्या मऊ झालेल्या असायच्या की चमच्याने दाबल्या की संपल्या. जितेंद्र एकेक घास जिभेवर फिरवत वाटी रिकामी करायचा. वजनाचा काटा हलू लागला.

आणि एका संध्याकाळी तो जड जिभेने म्हणाला, "दालचिनी... जास्त टाक."

ऑपरेशननंतर त्याने तोंडाने काही मागितलं ते हे पहिलंच. कामिनी मोरीत जाऊन रडली. दुसऱ्या दिवसापासून तिने दालचिनी दुप्पट केली. सारं घर त्या वासाने भरून राहू लागलं. बाईला आनंद झाला की ती खोलात शिरत नाही, हेच खरं.

पुढे एकदा उशीचा अभ्रा धुताना तिला त्यावर तपकिरी डाग दिसला. नाकाशी नेला तर खर्रा. हे काम कोणाचं, हे तिला सांगायला ज्योतिषी नको होता. पिंटू, गोदामातला मित्र. बाकीच्यांची ये-जा आटली तरी दर रविवारी सफरचंदांची पिशवी घेऊन येणारा हा एकटाच उरला होता, आणि पंधरा वर्षं दोघांनी एकाच पन्नीतला खर्रा खाल्ला होता. रविवारी तिने त्याला दारातच अडवलं.

"पिंटूभाऊ, आजपासून येऊ नका. कोणासाठी काय आणून राहिले, मले समजते."

"वहिनी, मी तर सोडला. याचं हे झालं तवाच सोडला."

"सारे असंच म्हणतात."

पिंटू जितेंद्रकडे बघत उभा राहिला. जितेंद्रने डोळे मिटून घेतले. मग पिंटू पिशवी उंबऱ्यात ठेवून खाली उतरला.

त्यानंतरच्या रविवारी दालचिनीची पूड संपली. अख्ख्या साली होत्या, म्हणून कामिनीने सासूच्या कोपऱ्यातला पितळी खलबत्ता घेतला. मनकर्णाबाईंना दात नव्हते, त्या आपलं पान त्यात कुटून खायच्या. त्या शेजारी गेल्या होत्या. कामिनीने खल फडक्याने पुसला, साली कुटल्या, सफरचंदं शिजवली आणि दुपारी चव बघायला चमचाभर तोंडात टाकली. घशाला चटका बसला, उचकी लागली, आणि थोड्या वेळात डोकं गरगरू लागलं. म्हातारीच्या पानात तंबाखू कधी नसायची. कामिनीने खलाच्या तळाशी बोट फिरवलं. बोटाला चुना, सुपारीची भुकटी आणि तो वास.

मग तिला सगळं एकदम उमगलं. खर्ऱ्यातली सुपारी चावावी लागते. अर्ध्या जबड्याच्या माणसाला ती कोणीतरी कुटूनच द्यायला हवी.

सासू आल्यावर तिने खल पुढे धरला. "कोणासाठी कुटता आई?"

मनकर्णाबाईंनी काही लपवलं नाही. "त्याच्यासाठी. ठेल्यावरून मीच आणतो. चावता येते का त्याले? बारीक करून गालात ठेवून द्या लागते."

"याच्यानंच झालं ना हे सारं? तुम्हाले माहीत नाही काय?"

"माहीत आहे." म्हातारी खाली बसली. "याचे बापूजी बिमार पडले तवा आमच्या घरात पयल्यांदा सफरचंद आलं. गेले ते. माह्या जावेच्या वेळेस आलं, तेही गेली. जगणाऱ्या माणसासाठी कोण आणते वं सफरचंद? अन इथं तर पोतंभर आले. तू रोज मऊ करून भरवून राहिली. मले काय दिसत नाही? बापूजीनं जाताना पान मागतलं होतं. डॉक्टरच्या भेवानं मी नाही देलं. कसे पाहत होते माह्याकडे. आता लेकालेही तसंच पाठवू?"

"तो जाऊन नाही राहिला आई. तो बरा झाला."

मनकर्णाबाईंनी सुनेकडे फार मायेने पाहिलं. लहान पोराची समजूत काढायला कोणाकडे शब्द नसले की बघतात तसं.

कामिनी नवऱ्याकडे वळली. "अन तुम्ही? तुम्हाले तर डॉक्टरनं समोर बसवून सांगितलं होतं."

जितेंद्र भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "एकदाच... मागतला. मग आई... रोजच."

एकदाच. आणि दालचिनी जास्त टाक. खर्ऱ्यापेक्षा तिला त्या दालचिनीचा घाव जास्त लागला. खर्ऱ्याचा वास झाकायला त्याने तिच्याच हाताने घर परमळून घेतलं होतं, आणि ती मोरीत जाऊन आनंदाने रडली होती. तिने खलबत्ता राखेने घासला, कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली मंगळसूत्रात अडकवली. पिंटूला फोन करायची मात्र तिला हिंमत झाली नाही.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी उजव्या गालात बॅटरी मारली. तुकडा काढून तपासायला पाठवला. आठवड्याने त्यांनी कामिनीला आत बोलावलं. पुन्हा आलं होतं, मानेतही उतरलं होतं. आता कापण्यासारखं काही नव्हतं.

"खर्ऱ्यामुळे काय डॉक्टर?"

"त्यामुळेच असं मी म्हणू शकत नाही," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "कोणत्या गालात ठेवायचे?"

कामिनीने बोट आपल्या उजव्या गालाला लावलं. डावीकडे गाल उरला होता कुठे.

अमरावती रोडने ट्रकांच्या मागे ऑटो रखडत होता तेवढा वेळ जितेंद्रशेजारी बसून ती सासूला ऐकवायचं एकच वाक्य मनात घोळवत होती. तुम्ही मारलं त्याला. घरात शिरताक्षणी म्हणायचं, रडायच्या आधी म्हणायचं, असं तिने ठरवलं होतं.

रजेसाठी दवाखान्यातूनच गोदामात फोन केला होता, त्यामुळे बातमी त्यांच्या आधीच घरी पोचली होती. टेबलावर सफरचंदांच्या तीन पिशव्या होत्या. एक पिंटूची होती, तो खालूनच देऊन गेला होता. मनकर्णाबाई उठल्या, त्यांनी सुनेचा चेहरा पाहिला आणि तिला जवळ घेतलं.

"मी तुले आधीच सांगत होती ना वं बाई," त्या तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. "तुलेच पटत नव्हतं."

त्यात टोमणा नव्हता. असता तर कामिनीला सोपं गेलं असतं. तिने सासूच्या खांद्यावरून पाहिलं. दाराला टेकून उभा असलेला जितेंद्र तिच्याकडे बघत होता. त्याने मान हलवली, नको म्हणून. आईला सांगू नको.

कामिनीने ते वाक्य गिळलं. पाटावर बसून तिने पहिली पिशवी सोडली आणि सोलायला घेतलं.

"आता तरी माहा खलबत्ता दे," म्हातारी म्हणाली.

कामिनीने आणखी तीन सफरचंदं सोलली. मग तिने गळ्यातली किल्ली काढून सासूच्या हातात दिली. फोडी कुकरात टाकल्या, तूप घातलं, गूळ घातला.

"दालचिनी जास्त टाकू?" तिने जितेंद्रला विचारलं.

तो हो म्हणाला.