खडकवाडीतले फेल बोअर

खडकवाडीत फेल गेलेल्या बोअरचं नाव घेत नाहीत. मेलेल्या माणसाचं घेतील, पळून गेलेल्या सुनेचं तर चवीचवीने घेतील. पण बोअर मारला आणि पाण्याऐवजी धूळ उडाली की घरधनी त्या भोकात पोतं कोंबतो, वर दगड ठेवतो, घरची बाई हळदकुंकू टाकते आणि विषय कायमचा मिटतो. नाव काढलं की पुढच्याच्या बोअरलाही धूळच लागते, अशी गावाची पक्की समजूत. सुलतानपूरपासून आत, काळ्या खडकावर बसलेलं हे गाव. पाण्याच्या बाबतीत इथे कोणी थट्टा करत नाही.

सरपंच वंदना या गावाची सून. माहेर साखरखेर्ड्याकडचं, विहिरींना पाणी असलेलं. ही समजूत तिला कोणी सांगितलीच नाही, कारण सांगायची तर नाव घेणं आलं! सासरी इतकी वर्षं काढली, गावाने बिनविरोध निवडून दिली, तरी या एका गोष्टीत ती बाहेरचीच राहिली.

तिच्याच सरपंचकीत कंपनी आली. इंजिनियर देवेश चिखलीचा, गोड बोलणारा. ग्रामसभेत त्याने समजावून सांगितलं की हा खडक लाव्हारसाचा असला तरी ती आग केव्हाच विझलीय. पण फार खोलवर जमीन अजून तापलेली आहे आणि तिथल्या भेगांत उकळतं पाणी आहे. ते वर आणून वीज करता येते का, हे बघायला कंपनीने माळावर खोल विहीर खोदली होती.

"आता चाचणीच्या वेळी विहिरीचं तोंड बंद करणार," तो म्हणाला. "कुकरची शिटी दाबून धरावी तसं. मग आतला दाब दुसरी वाट शोधतो. म्हणून विचारतो, गावात जुने, बुजवलेले बोअर कुठे कुठे आहेत?"

पहिल्या रांगेत वंदनाचे सासरे कडूबा बसले होते. त्यांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "नाही जी. एकबी नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. तरी वंदनाने देवेशला घरोघर फिरवलं. प्रत्येक दारात चहा मिळाला आणि तेच उत्तर मिळालं. शेवटी तीच म्हणाली, "सर, माझा शब्द आहे. आमच्या गावात बुजवलेला बोअर नाही." देवेशने सरपंचाचा शब्द धरला आणि स्वतः तपास करायचा सोडला. शिकलेल्या माणसाने इतकंही भोळं असू नये, पण होता.

चाचणी जानेवारीतल्या एका दुपारी झाली. माळावर व्हॉल्व्ह बंद केला, दाबाचा काटा चढायला लागला आणि देवेशचा चेहरा फुलला. तिथे उभ्या असलेल्या वंदनाला वाटलं, आपल्या हातून गावाचं भलं झालं. तेवढ्यात शेजारच्या कोकिळाचा फोन आला.

"वंदनाताई, घरी या! तुमचा गोठा फुटला!"

गोठा फुटतो म्हणजे काय, हेच तिला कळेना. मोटारसायकलवर कोणाच्या तरी मागे बसून ती घरी पोचली आणि दारातच खिळली. गोठ्याच्या मधोमध जमिनीतून तांबूस पाणी छपरापर्यंत उसळत होतं. पत्रे थडथडत होते, वाफेने समोरची भिंत दिसत नव्हती. तिची सासू गोजरबाई शेण भरत होती तेव्हाच ते वर आलं होतं. कोकिळाने तिला बाहेर ओढलं, पण तोवर गुडघ्यापर्यंत पाय भाजून निघाले होते. म्हातारी रडत नव्हती. डोळे विस्फारून नुसती बघत होती.

"वंदे, खालून आलं वं. जमिनीतून आलं."

कोकिळाचा नवरा जीप आणायला धावला. वंदनाने कसाबसा देवेशला फोन लावला.

"व्हॉल्व्ह उघडतोय," तो ओरडला, "पण खालचा दाब उतरायला वेळ लागेल. ताई, तिथे बोअर होता का?"

"नव्हता," ती म्हणाली. म्हणता म्हणता तिच्या पायाशी पाण्याबरोबर एक दगड घरंगळत आला. त्याला कुजलेल्या पोत्याची चिंधी चिकटली होती.

तिने वळून पाहिलं. कडूबा दारात उभे होते. चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता.

"मामाजी, हे काय आहे?"

"तुमचं लगन व्हायच्या आंधी मारला होता. धूळ लागली. मंग वरून गोठा बांधला."

"मग सांगितलं काऊन नाही? सभेत सर विचारत होते, मी दारोदार फिरत होते!"

"नाव घेत नाही आपण," कडूबा पुटपुटले.

वंदनाला वाटलं, आपण काहीतरी वेगळंच ऐकलं. नाव घेत नाही! बायकोचे पाय सोलून निघाले आणि हा माणूस अजून नाव घेत नाही! राग आला, पण रागापेक्षा धसका मोठा होता, कारण अंगणात जमलेल्या गर्दीत एकाच्याही तोंडावर आश्चर्य दिसत नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त तिला.

"आणखी कोणाकडं आहे?" ती किंचाळली. "बोला ना!"

माना खाली गेल्या. मग कचरू म्हणाला, "आमच्या घरामांगं एक हाय." निवृत्ती म्हणाला, "मळ्यात दोन." एकदा तोंडं उघडली ती उघडलीच. कडूबा मात्र अजून दारातच उभे होते.

"शाळेत," ते म्हणाले.

"शाळेत कुठं?"

"झेंड्याच्या ओट्याखाली. मी कमिटीवर होतो तवा. बोअरचा पाइप वाया कशाले घालवाचा म्हणून त्याच्यातच खांब उभा केला."

पुढचं ऐकायला वंदना थांबली नाही. पदर कमरेला खोचून ती पळत सुटली. शाळेत खिचडीची सुट्टी होती. थंडीचे दिवस, ओट्यावर छान ऊन. पोरं ताटल्या घेऊन खांबाभोवती दाटीवाटीने बसली होती आणि मधोमध तिची लेक स्वरदा होती.

"आई, ये ना! ओटा कसा मस्त गरम होऊन राह्यला!"

"उठा! पळा!"

पोरं हसली. सरपंचबाईंना काय झालं, असं एकमेकांकडे बघायला लागली. तिने दिसेल त्याचा दंड धरला आणि खाली ढकललं. ताटल्या उडाल्या, खिचडी सांडली, लहानगी रडायला लागली. शिक्षिका सुलभाबाई वर्गातून धावत आल्या. कारण न विचारता त्यांनीही पोरं ओढायला सुरुवात केली. शेवटचं पोर फाटकाबाहेर गेलं तेव्हा खांब थरथरत होता. मग त्या पोकळ खांबाच्या टोकातून शिटी वाजावी तशी वाफ निघाली, ओटा मधोमध तडकला आणि खांब उकळत्या पाण्यासकट उलथून पडला. पोरं बसली होती तिथेच पडला. वंदनाने स्वरदाला इतकं घट्ट धरलं होतं की पोरगी कळवळली.

कडूबा धापा टाकत पोचले. नातीला धडधाकट बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

स्वरदाने एकदा तुटलेल्या ओट्याकडे आणि एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मघाशी वंदनाच्या मागे धावत आलेली माणसं काय बोलत होती, ते तिने ऐकलं होतं.

"आबा, तुमाले मालूम होतं?"

कडूबांनी टोपी सारखी केली.

"रोज तुमीच तं मले शाळेत सोडता."

कडूबांनी तिला जवळ घ्यायला हात पुढे केला. पोरगी मागे सरकली आणि आईच्या पाठीआड जाऊन उभी राहिली.