मनुष्यहानीचा रकाना

कोगा तोकिएवर गल्लीप्रमुखाची पाळी आली ती एप्रिलमध्ये, नवऱ्याला जाऊन नऊ महिने झाले तेव्हा. शेजारच्या मात्सुओ बाई मुद्दाम येऊन म्हणाल्या, "या वर्षी तुमची पाळी आम्ही घेतो, वहिनी. तुम्ही कशाला त्रास घेता?"

"त्रास कसला? मला दुसरा काय उद्योग आहे?" तोकिए म्हणाली.

ते खोटं नव्हतं. दात काढण्याआधी सुई टोचली की गाल कसा आपला वाटत नाही, तशी ती जुलैपासून वावरत होती. भात शिजत होता, कपडे वाळत होते, सकाळी मूर्तीपुढे उदबत्ती लागत होती. लोक तिच्या धीराचं कौतुक करायचे. लोकांना काय, न रडणारं माणूस सगळ्यांनाच सोयीचं असतं.

त्याच महिन्यात पालिकेचं पत्रक आलं. ज्या गल्ल्यांत पावसाचं पाणी तुंबतं, त्यांच्यासाठी अनुदान. उघड्या गटारांवर झाकणं, खाली मोठे पाइप आणि रस्त्याच्या कडेने पाणी जिरवणारे झाडांचे वाफे. सगळ्या शहरातून फक्त तीन गल्ल्या निवडणार, तेही अर्जाला गुण देऊन. तोकिएची गल्ली चौदा घरांची, एका अंगाला छातीइतकं खोल उघडं गटार. आरिआकेच्या समुद्राला भरती आली की कालव्यांचे दरवाजे बंद होतात, आणि वरून पाऊस असेल तर पाण्याला जायला वाटच राहत नाही. मग रस्ता कुठे संपतो आणि गटार कुठे सुरू होतं हे गल्लीत जन्मलेल्यालाही कळत नाही. तिच्या नवऱ्याला, हिसाशीला, ते तसंच कळलं नव्हतं.

हे अनुदान मात्र तिला हवं होतं. का, ते तिला नीट सांगता आलं नसतं. त्या गटारावर झाकण पडलं पाहिजे, एवढंच तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

तीस वर्षं शाळेच्या कचेरीत काढलेल्या बाईला अकरा पानी अर्जाचं काय कौतुक? दोन दुपारींत तिने तो हातावेगळा केला. घरात पाणी किती वेळा शिरलं, किती बोटं चढलं, पंप कितीदा मागवला, सगळं तारीखवार. सातव्या पानावर रकाना होता, 'मनुष्यहानी'. त्यात तिने लिहिलं, 'विशेष काही नाही'.

आता हे कोणाला विचित्र वाटेल, पण तिकडे हे तीन शब्द लोक झोपेतही लिहितील. दवाखान्यात 'काय त्रास होतो', शाळेत 'पालकांच्या सूचना', ज्येष्ठांच्या मंडळात 'तक्रारी', सगळीकडे उत्तर एकच. रकाना कोरा ठेवणं वाईट दिसतं आणि त्यात आपलं रडगाणं भरणं त्याहून वाईट. तिच्या हाताला सवय होती, हाताने लिहिलं.

अर्ज प्रत्येक घराने बघितलेला असावा असा नियम होता. म्हणून तिने तो गल्लीच्या फिरत्या फाइलीला लावला. कचऱ्याचे वार, गटारसफाईचा रविवार असलं सगळं या फाइलीतून घरोघर जातं. वाचायचं, आपल्या चौकटीत आडनावाचा लाल शिक्का उमटवायचा आणि फाइल पुढच्या दाराशी ठेवून यायचं. पाच दिवसांत तेरा शिक्के झाले आणि फाइल तोमोनागाच्या घरी जाऊन बसली. मुदत शुक्रवारी चारची. गुरुवारी सकाळी तोकिए त्याच्याकडे गेली.

तोमोनागा एक्याऐंशी वर्षांचा, जन्मभर समुद्रशेवाळाची शेती केलेला, बोलायला तिखट. अंगणात कांद्यांच्या जुड्या बांधत बसला होता.

"तोमोनागासान, फाइल अडकलीय तुमच्याकडे."

"अडकली नाही. मी अडवलीय."

"झाडांच्या वाफ्यांमुळे? अहो, तुमच्या गाडीची जागा जात नाही. नकाशा बघा की."

"गाडी गेली खड्ड्यात." त्याने घरातून फाइल आणली, सातवं पान काढलं आणि मातीने भरलेलं बोट त्यावर ठेवलं. "हे काय लिहिलंय? वाचा."

"विशेष काही नाही."

"कोणाला?"

तोकिएने ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाली, "असंच लिहितात."

"ठाऊक आहे, असंच लिहितात. मी पण लिहितो. दवाखान्यात तेच लिहितो आणि मग बाकावर बसून कण्हत राहतो. पण वहिनी, हिसाशीला मी ओढून काढलाय. माझ्याच दारात. काय जड झाला होता गडी! माझी कंबर अजून सरळ होत नाही. आणि काहीच झालं नाही म्हणून मी शिक्का मारू?"

"शिक्का म्हणजे फक्त 'पाहिलं' असं असतं."

"हो ना! तेरा घरांनी पाहिलं," म्हातारा म्हणाला. "मी दुसरंच पाहिलं होतं."

तिने त्या तेरा लाल शिक्क्यांकडे नजर टाकली. सगळ्यांनी ती ओळ वाचली होती आणि खाली व्यवस्थित, चौकट न ओलांडता शिक्का उमटवला होता. आपल्याला राग यायला हवा, असं तिला वाटून गेलं. राग काही आला नाही.

"पेन आहे?" तिने विचारलं.

त्या तीन शब्दांवर तिने पट्टीने दोन रेघा मारल्या, रेघांवर नियमाप्रमाणे आपला छोटा शिक्का दिला आणि शेजारी लिहिलं, 'एक'. तोमोनागाने चष्मा पुसून ते बघितलं आणि आपला शिक्का इतका दाबून मारला की मागच्या पानावर वण उठला.

खाडाखोड झाली म्हणजे सगळ्यांचे शिक्के पुन्हा घेणं आलं. फाइल फिरवायला वेळ नव्हता, ती स्वतःच दारोदार हिंडली. प्रत्येक दारात तेच वाक्य, "दुरुस्ती आहे. सातवं पान. मनुष्यहानी एक."

मात्सुओ बाईंची मान खाली गेली. "आम्ही वाचलं होतं हो, वहिनी. ह्यांना म्हटलंसुद्धा मी. पण तुम्हीच लिहिलंत, म्हणजे तुम्हाला नको असेल... आपण कसं बोलायचं?"

"बरोबर आहे तुमचं," तोकिए म्हणाली.

मग मात्सुओ बाईंनी तिच्या पिशवीत उकडलेल्या शेंगा घातल्या. पुढच्या घरी मुळा मिळाला, त्याच्या पुढे लोणच्याची बरणी. शेवटचं घर होईपर्यंत पिशवी उचलेना. कोणी रडलं नाही. तीही नाही.

शुक्रवारी दुपारी पालिकेच्या खिडकीवर नागाए नावाची एक तरुण मुलगी होती, आवाज फार गोड. ती एकेक पान तपासत सातव्यावर आली.

"मनुष्यहानी एक. अच्छा." तिने बाजूच्या कागदावर बेरीज केली आणि तिचा चेहरा खुलला. "याला गुण खूप आहेत हो! तुमची गल्ली बहुतेक पहिल्या तीनात येईल." बोलून झाल्यावर ती दचकली. "म्हणजे... माफ करा."

"नाही नाही. धन्यवाद," तोकिए म्हणाली.

"इथे थोडक्यात हकिकत लागते. दोनच ओळी. तुम्ही सांगा, मी लिहिते."

"चौदा जुलै. दुपारी सव्वातीन. गटार तुंबलं होतं. जाळीवरची पानं काढायला गेले. रस्ता दिसत नव्हता."

"नाव?"

"कोगा हिसाशी."

मुलीने दोन अक्षरं लिहिली आणि हळूच पहिलं पान उलटून अर्जदाराचं नाव बघितलं. "आपले...?"

"नवरा."

नागाए खुर्चीवरून उठली आणि खोल वाकली. "मला कल्पना नव्हती. एवढं पुरे आहे. बाकी काही लागणार नाही."

"थांबा," तोकिए म्हणाली. तिचा आवाज तिला परका वाटला. "ते आपणहून नाही गेले. टीव्हीवर सुमो बघत बसले होते. पाऊस ओसरला की जातो म्हणाले. मी म्हटलं, पाणी दारात आलंय, उठा, बसून काय राहिलात? एकदा म्हटलं. मग मी ओरडले. ओरडले तेव्हा ते गेले."

मागे रांगेत कोणीतरी खाकरलं. दोन ओळी भरून गेल्या होत्या. मुलगी पेन हातात धरून बघत राहिली.

"हे... लिहू का?"

"लिहा. जागा नसेल तर मागच्या बाजूला लिहा."

नागाएने पान उलटलं. तोकिए तिला लिहिता येईल इतक्या सावकाश पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली, आणि सांगताना तिने दोन्ही हातांनी खिडकीची कड घट्ट धरली.