आईला दाराबाहेर ठेवलं होतं

मी भिंग बोलतोय. त्वचेच्या डॉक्टर बाईंच्या खिशात राहतो. काचा घासणाऱ्या एका कारागिराने मला घडवलं तेव्हा वाटलं होतं, टपालाची तिकिटं बघत मजेत जगू. नशिबात आली माणसांची खाज. नवजात बाळांचे लाल ठिपके तर मला पाठ आहेत. बहुतेक आपोआप जातात, आज्या मात्र तोवर घर डोक्यावर घेतात.

पण एका नवजात मुलीचं पुरळ तसं नव्हतं. पायांवर पाण्याचे फोड, तेही ओळीने, वळणं घेत गेलेले. बाळांच्या डॉक्टरांनी जंतुसंसर्ग धरून औषधं सुरू केली आणि तिला काचेच्या पेटीत ठेवलं. लागण आईकडूनच झाली असणार, म्हणून आईला आत यायला बंदी. औषधं वाढली, फोडही वाढले. सगळे हवालदिल झाले, तेव्हा कुठे आमच्या बाईंना बोलावणं आलं.

बाईंनी मला फोडांवर धरलं आणि बराच वेळ पाहिलं.

"हिची आई कुठंय?"

"बाहेर. तिला मनाई आहे," डॉक्टर म्हणाले.

"बोलवा तिला."

आई तोंडावर हात धरूनच बोलायची. तिचे दात विरळ आणि टोकदार होते. बाईंनी तिला पोटऱ्या दाखवायला सांगितलं. तिथे फिकट रेषा होत्या, लेकीच्या फोडांसारखीच वळणं घेतलेल्या.

"लहानपणापासून आहेत. कुणी कधी विचारलं नाही," ती म्हणाली.

जंतू नव्हतेच. आईकडून लेकीकडे येणारा, क्वचितच दिसणारा आजार होता; आईचे ते दात आणि त्या रेषा त्याच्याच खुणा. त्यातले फोड सुकतात, पण डोळ्यांच्या आतल्या रक्तवाहिन्या बिघडू शकतात. डोळे लगेच तपासायला हवे होते. इथे सगळे फोडांच्याच मागे लागले होते.

"म्हणजे माझ्यामुळंच ना?"

"तुमच्याकडून आलंय. यात तुमची चूक नाही," बाई म्हणाल्या. आईच्या कानात ते शिरलंच नाही.

डावा डोळा वाचला. उजव्याला उशीर झाला होता.

हल्ली मला चरे पडलेत, आणि डॉक्टर लोक पुरळाचे फोटो फोनवरून एकमेकांना पाठवतात. पाठवा बापडे. फक्त बाळाला बघताना त्याच्या आईलाही बघा. मला हात असते तर जोडून सांगितलं असतं.

परवा बाई त्या मुलीला बघायला गेल्या. फोड सुकलेत. आई पाळण्याच्या डाव्या अंगाला बसली होती. बाई उजवीकडून वाकल्या, तशी ती हळूच म्हणाली, "बाई, इकडून या ना. तिकडून तिला दिसत नाही."