बादलच्या चार ओळी

मानोरा गावात माणूस गेला की पहिला फोन सोयऱ्यांना आणि दुसरा बादलला. बसस्टँडजवळ त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान होतं, आणि तालुक्यातला कोणीही त्याच्या ‘भावपूर्ण श्रद्धांजली’शिवाय वर जात नसे. बोर्डावर मध्ये फोटो, खाली शोकाकुल मंडळींचे मेलेल्यापेक्षा मोठे फोटो, आणि कोपऱ्यात चार ओळी:

अजून दोन ताटं मांडतो, सवय जात नाही;
समोर ताट भरलेलं, भूक लागत नाही.
उशीर झाला तर होऊ दे, विचारणार नाही मी;
ये तू केव्हाही, मी दार लावत नाही.

या ओळींमुळे बादल तालुक्यात कवी ठरला होता. लग्नात ‘आमचे कविराज’ म्हणून त्याला पुढच्या खुर्चीवर बसवत, वाढपी त्याच्या पानात दोनदा बुंदी टाकत. ओळी त्याच्या नव्हत्या, एवढी बारीक अडचण सोडली तर त्याच्या कवी असण्यात काही कमी नव्हतं.

ओळी होत्या उदयसिंग गुरुजींच्या. गुरुजींनी बादलला पाचवीत शिकवलं होतं, आणि त्यांची गाणी सगळ्या बंजारा तांड्यांवर लग्नात म्हणत. सोळा वर्षांपूर्वी त्यांची बायको हेमला गेली. बादलचं दुकान तेव्हा नवं होतं, तिचा बोर्ड हा त्याचा श्रद्धांजलीचा पहिला. गुरुजींनी वहीचं पान फाडून त्या ओळी दिल्या. आठवड्यानं दुसरं गिऱ्हाईक आलं, त्याला तासाभरात बोर्ड हवा होता. बादलनं फोटो बदलला, नाव बदललं. ओळी बदलायला दुसऱ्या होत्या कुठं?

“लय भारी लिहिलं रे,” गिऱ्हाईक म्हणालं.

माझ्या नाहीत, असं बादल सांगणारच होता, पण तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा होता. तो थुंकून येईस्तोवर गिऱ्हाईक निघून गेलं. मग सांगायचं राहिलं ते सोळा वर्षं राहिलं.

पुढं त्या ओळी सगळ्यांवर चढल्या. सरपंचाच्या आईवर चढल्या. तीन मुलं असून ज्याच्यापुढं एक ताट येत नव्हतं, अशा म्हाताऱ्यावर चढल्या. शंकरपटाच्या शर्यतीतल्या एका बैलावरही चढल्या. एका मित्रमंडळाच्या बोर्डावर तर अडतीस जणांनी मिळून दोन ताटं मांडली.

गुरुजी चौकात सायकल थांबवून बोर्ड वाचत. बोलत काही नसत. ते दिसले की बादल मशीनमागं वाकून काहीतरी शोधू लागे. शेवटचं वर्षभर ते अंथरुणावर होते, पण हा भेटायला गेला नाही. कोणत्या तोंडानं जाणार होता? त्याच तोंडात खर्रा होता ना!

गुरुजी गेले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांची मुलगी निता फोटो घेऊन दुकानात आली.

“बादलभाऊ, बाबाचा बोर्ड करा. ओळी त्याईच्याच टाकजा.”

बादलनं माऊस सोडला. म्हणजे हिला माहीत होतं.

“ताई, गुरुजी माह्यावर रागावून होते काय?”

“रागावतीन कायले? तुमचा नवा बोर्ड लागला का सायकल काढत. म्हणत, चाल निता, तुह्या मायले पाहून येऊ.”

“ते उशिराचं लय छान जमलं होतं त्याईले,” तो पुटपुटला.

“जमलं नोहे ते. माय कधी वेळेवर जेवाले आलीच नाई. कोनाची बाळंतीन, कोनाचं दुखनं, सारा तांडा तिलेच बलावे. बाबा दोन ताटं मांडून बसत, अन् ती आली का तनतनत. ती गेली त्या दिवशी सकाळीबी तनतनलेच होते. मंग सोळा वर्सं दार नाई लावलं त्याईनं. कुत्रे भाकरी घेऊन पळत, पन दार नाई लावलं.”

ती गेल्यावर बादलनं शटर अर्धं ओढलं आणि पोटभर रडला. शेकडो वेळा त्यानं त्या ओळी छापल्या होत्या, पण वाचल्या आजच.

समोरचा घड्याळजी फय्याज चहा घेऊन आला. “गुरुजीसाठी काही नवीन लिही बे,” तो म्हणाला. “तुह्या त्या ओळी त साऱ्याईलेच असतात.” बादलनं खरंच प्रयत्न केला. ‘गुरुजी तुम्ही गेले, आमचे डोळे ओले झाले’ इथपर्यंत येऊन त्याची प्रतिभा आटली. सोळा वर्षांचा कवी दोन मिनिटांत उघडा पडला. नशीब, दुकानात दुसरं कोणी नव्हतं.

शेवटी त्यानं त्याच ओळी टाकल्या आणि खाली पहिल्यांदाच छापलं: ‘उदयसिंग गुरुजी, हेमलासाठी’.

शोकसभा तांड्यावरच्या शाळेत झाली. बोर्ड पाहून कुजबुज सुरू झाली, की बादलच्या ओळी गुरुजींच्या नावावर कशा? आता गप्प बसला असता तर पुढची खुर्ची जन्मभर त्याचीच होती. बादलनं खर्रा थुंकला आणि माईक धरला.

“ह्या ओळी गुरुजीच्या हायेत. मी चोरल्या. माही एकबी ओळ नाई.”

मग फय्याजनं त्याच्या हातून माईक घेतला. “याले म्हनतात दिलदारी! जिंदगीभराची कमाई शिष्यानं उस्तादाच्या पायावर ठेवली!”

शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, पण वाजल्या. बादल मायची शपथ घ्यायला लागला तशा जास्तच वाजल्या. निता पदर तोंडावर धरून हसत होती की रडत होती, ते तिलाच ठाऊक. त्या दिवशी कविराज महाकवी झाला.

आता ते खालचं नाव तो प्रत्येक बोर्डावर छापतो. पुढच्याच आठवड्यात नुकताच बाप गेलेला फुलसिंग तणतणत दुकानात आला.

“आमच्या बुढ्याच्या बोर्डावर ही हेमला कोन? मायनं पाहिलं त त्याची तेरवी व्हायच्या आदी माही होईन!”

बादलनं त्याला बसवलं आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. वहीचं पान सांगितलं, खर्रा सांगितला, उघडं दार सांगितलं. फुलसिंगचा चहा गार झाला.

“राहू दे ते नाव,” तो उठताना म्हणाला. “माय विचारीन त मी सांगतो.”

या भानगडीत बादलला जेवायला घरी पोचेपर्यंत साडेतीन वाजले. त्याची बायको मंजू दोन ताटं मांडून बसली होती.

“दोनले येतो म्हनलं होतं न? भाकरीचा पापड झाला! मी काय रोज उपाशी वाटच पाहू तुमची?”

एरवी त्यानं मशीन, गिऱ्हाईक, लाईट, सगळ्यांवर खापर फोडलं असतं. आज हात धुवून मुकाट बसला आणि तिचं बोलणं एक शब्द न गाळता ऐकलं. ती दम घ्यायला थांबली तेव्हा त्याला एकदम भीती वाटली.

“अजून बोल न,” तो म्हणाला.

मंजूनं त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला, आणि ताप नाही अशी खात्री होताच पुन्हा सुरू झाली.